मी आणलेलं यान

माझ्या धाकट्या बहिणीने लिहिलेल्या एका गोष्टीचा शेवट मी बदलला आणि तिच्या नावाने, तिच्यासमोर, माइकवरून वाचून दाखवला. वयाचं कारण मी देणार नाही. मी चोवीस वर्षांचा होतो, नोकरीला लागलो होतो. मला सगळं कळत होतं.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं. आम्ही नाशिकरोडला कामगारांच्या कॉलनीत राहायचो. आमच्या बुद्धविहारात दर चौदा एप्रिलला, जयंतीला, एक हस्तलिखित निघायचं. त्याची एकच प्रत असायची. कॉलनीतली मुलंमुली कविता, लेख, गोष्टी लिहून द्यायची आणि ते सगळं मी जाड कागदावर उतरवायचो, कारण माझं अक्षर चांगलं होतं. तेवढ्या भांडवलावर मी संपादक झालो होतो. पक्की प्रत तयार झाली की कच्चे कागद दुसऱ्या दिवशी अंघोळीच्या बंबात जायचे.

त्या काळात आम्हा दोघांना विज्ञानकथांचं वेड होतं. वाचनालयातून मासिकं यायची आणि आधी कोण वाचणार यावरून भांडणं व्हायची. निर्जन ग्रहावर अडकलेल्या माणसाच्या गोष्टी आमच्या खास लाडक्या. यान कोसळतं, बाकीचे मरतात, एकटा उरतो. तो पाणी शोधतो, अनोळखी पाला भीत भीत चाखतो, दगडांशी बोलतो. शेवटच्या पानावर आकाशात ठिपका दिसतो आणि त्याला न्यायला यान येतं. आज त्या गोष्टी आठवल्या की माझं डोकं फिरतं. कुणाला परत यायचंच नसेल, हे त्या लिहिणाऱ्यांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. त्या ग्रहांवर बाई सहसा नसायचीच. असली तर कुणीतरी वाचवण्यापुरती असायची.

बहीण तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या गोष्टीतली बाई यानावरची वनस्पतींची अभ्यासक. ती एकटीच जिवंत उरते, वाफे करते, चूल मांडते आणि आयुष्यात पहिल्यांदा फक्त स्वतःपुरता स्वयंपाक करते. शेवटी यान येतं. धूर दिसू नये म्हणून ती चुलीवर माती लोटते आणि खडकाआड बसून राहते. यान निघून जातं. गोष्ट संपते.

कागद माझ्या हातात देताना ती म्हणाली, "दादा, हे तूच वाच. आई-अण्णा पुढे बसलेले असतील. मला बघून गेलेले घोटीचे पाहुणेही येणार आहेत. मला तोंडानं सांगता येत नाही, हे ऐकून तरी कळेल त्यांना."

"काय कळेल?"

"की मला एवढ्यात लग्न करायचं नाही. शिकायचंय. एवढा मठ्ठ कसा रे तू, संपादक?"

म्हणजे ती गोष्ट काय आहे हे मला सांगून झालं होतं. तरी उतरवताना शेवटापाशी माझा हात थांबला. पुढे अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला तो शेवट अपुरा वाटला. साफ खोटं. घोटीचे पाहुणे काय म्हणतील, अण्णांची मान खाली जाईल, मग लोक मला विचारतील, याची मला भीती वाटली. मी माझ्या वळणदार अक्षरात यान खाली उतरवलं. कप्तान दार उघडतो, "चला घरी" म्हणतो आणि ती रडत रडत आत चढते. तिचे कागद मी नेहमीप्रमाणे बंबात घातले.

विहाराच्या भिंतीवर शिक्षणाचं महत्त्व मोठ्या निळ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. तीही अक्षरं मीच काढली होती. त्याच भिंतीखाली उभा राहून मी वाचलं. टाळ्या पडल्या. घोटीचे म्हातारे पाहुणे अण्णांना म्हणाले, "पोरगी लय गुणाची हाय. चंद्रावर ठिवली तरी घरची आठवण काढंल." अण्णा खूश होऊन हसले. बायकांच्या बाजूला बहीण बसली होती. ती हसली नाही, रडलीही नाही. माझ्याकडे बघत राहिली.

घरी आल्यावर तिने विचारलं, "ते यान कुठून आणलंस?"

"अगं, शेवट लटकत होता."

"लटकत नव्हता. संपला होता. माझे कागद दे."

"बंबात गेले."

मेच्या सुट्टीत घोटीलाच तिचं लग्न झालं, कॉलेज सुटलं. त्यानंतर तिने काही लिहिलं नाही.

तिचा नवरा वाईट नाही. भाताच्या गिरणीवर काम करतो, दारूला शिवत नाही. म्हणून सगळे म्हणतात, "मग बिघडलं काय?" या प्रश्नाचा मला जेवढा संताप येतो तेवढा कशाचाच येत नाही. मारहाण झाली असती तरच बिघडलं म्हणायचं का? एका मुलीने तोंड उघडलं आणि तिच्या भावाने तिच्या तोंडात दुसरेच शब्द घातले, यात काहीच बिघडलं नाही?

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा, चाळिशीला टेकल्यावर, मी घोटीला गेलो. ती तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, "त्या गोष्टीचं माझं चुकलं. मला माफ कर."

तिने सूप खाली ठेवलं. "माइकवर बदललीस आणि माफी मागायला माझ्या स्वयंपाकघरात येतोस? इथं कोण आहे ऐकायला? मी तर तेव्हाच ऐकलं होतं. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांना सांग."

"निम्मे तर वारले."

"उरलेल्यांना सांग." मग सूप उचलत म्हणाली, "चहा घेऊन जा. आणि अण्णा पहिल्या रांगेत असतील ते बघ."

पुढच्या जयंतीला मी विहारात माइक मागितला. भाषण असेल म्हणून सगळे गप्प झाले. म्हातारे अण्णा पुढे खुर्चीवर होते. बायकांच्या बाजूला ती मुलीला घेऊन बसली होती. मी कागद नेला नव्हता. मी म्हणालो:

"याच जागी मी माझ्या बहिणीची एक गोष्ट वाचली होती. तिचा शेवट तिचा नव्हता, मी घुसडलेला होता. तिच्या गोष्टीतली बाई चुलीवर माती लोटते आणि यान तिला न घेता निघून जातं. तिला परत यायचं नव्हतं. माझ्या बहिणीलाही तेव्हा लग्न करायचं नव्हतं, शिकायचं होतं. अण्णा, तिने हे तुम्हाला सांगायला मला दिलं होतं. मला ते माहीत होतं आणि मी ते दाबलं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात त्या माझ्या खोट्याला. बहिणी, मी तुझी माफी मागतो."