राफाएलची तोंडी परीक्षा

राफाएल नवगावकर मला पहिल्यांदा भेटला तो भेंड्यांच्या ढिगापाशी. नॉटिंगहॅममध्ये आमच्या घराजवळ देशी सामानाचं दुकान आहे. तिथे मी एकेक भेंडीचं शेपूट मोडून बघत होतो आणि दुकानदार मनातल्या मनात माझा उद्धार करत होता. एवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘काका, कालच्या आहेत त्या. उद्या ताज्या येतील.’’ वळून बघतो तर पन्नाशी उलटलेला, टाय लावलेला गृहस्थ. नाव विचारलं, तर राफाएल. मी म्हटलं, आडनाव? तर नवगावकर! अहो, अलिबागजवळचं नवगाव. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं घराणं. आईबापांनी मुंबईहून लंडनला आणला तेव्हा पोर दहा वर्षांचं होतं. पण आई, फ्लोराबाई, घरात इंग्रजी बोललं की जेवायला वाढत नसत. म्हणून एवढी खणखणीत मराठी.

मला तर खजिनाच सापडला. सून-मुलगा कामाला, नात शाळेला, मग दिवसभर मी बोलायचं कुणाशी? राफाएल दर रविवारी चहाला यायला लागला.

हा शिकवतो काय, तर इथल्या एका युनिव्हर्सिटीत कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना इटलीच्या कायद्याची तोंडओळख. तरुणपणी स्कॉलरशिप मिळवून बोलोन्याला कायदा शिकून आला होता. आता इंग्लंडातल्या पोरांना इटलीचा कायदा कशाला लागतो, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, आपलं घर कसं आहे ते दुसऱ्याच्या घरी राहून आल्यावर कळतं. मग त्याने मला सगळं समजावलं. इंग्लंडात वरच्या कोर्टाने एकदा निकाल दिला की खालच्या कोर्टांनी तो मानायचाच. इटलीत तसं नाही. तिथे सगळा कायदा संहितेत, कलमं पाडून लिहिलेला. न्यायाधीशाने ते कलम बघायचं. वरच्या कोर्टाने काय म्हटलं ते आदराने ऐकायचं, पण त्याने हात बांधले जात नाहीत.

मी म्हटलं, म्हणजे इथे थोरल्या भावाने एकदा केलं की तीच घरची रीत. तिथे आजोबा सगळं लिहून ठेवून गेलेत आणि थोरला भाऊसुद्धा त्यातच बघून चालतो. राफाएल एवढा खूश झाला, की त्याने ते वर्गात सांगितलं म्हणे.

माणूस सज्जन. पण ओढगस्तीचा. इतकी वर्षं तासांवर शिकवत होता. तास असतील तर पगार, सुट्टी लागली की काही नाही. लग्न केलं नाही, ते याच पायी म्हणायचा. यंदा मात्र त्याच विषयासाठी कायमची जागा निघाली. त्यांच्या विभागप्रमुख बाई टर्मच्या शेवटच्या तासाला येऊन मागे बसणार आणि मग ठरवणार. राफाएलने तो तास राखून ठेवला होता तोंडी परीक्षेसाठी.

ही इटलीची रीत ऐका, मजेची आहे. तिथे कायद्याची परीक्षा बहुतेक तोंडीच. प्रोफेसर टेबलापाशी, विद्यार्थी समोर खुर्चीवर, आणि दार उघडं. कुणीही येऊन ऐकावं. तिसापैकी मार्क. अठराला पास. मार्क तोंडावर सांगतात. तुला कमी वाटले तर नको म्हण, पुढच्या बैठकीला परत ये. पण नापास झालास तर नको म्हणायची सोय नाही. प्रोफेसर एवढंच म्हणतो, पुढच्या बैठकीला या. राफाएलला स्वतःला एकदा असंच सगळ्यांदेखत घालवलं होतं. तो बाहेर आला, ज्यांनी ऐकलं त्याच मित्रांबरोबर आइस्क्रीम खाल्लं, आणि पुढच्या महिन्यात परत जाऊन बसला. तिथे कुणी मनावर घेत नाही, म्हणाला. इथल्या मुलांना मार्क कॉम्प्युटरवर येतात, तेही कापसात गुंडाळून. त्यांना एकदा खरं काय असतं ते दाखवायला हवं.

सून म्हणाली होती, नका करायला सांगू त्यांना हे, इथली मुलं वेगळी आहेत. पण मला कोण विचारतो? मला तर बोलावणं होतं. परीक्षा ऐकायला बाहेरचं माणूस हवं ना, ते मी. मी कोट घालून मागच्या रांगेत, विभागप्रमुख बाईंच्या शेजारी जाऊन बसलो.

राफाएलने कोण बसतंय विचारलं. बर्मिंगहॅमची तनिषा उठली. आपलीच, मराठी आईबापांची, वर्गात सगळ्यांत हुशार. हसत हसत खुर्चीवर बसली. आणि राफाएल टेबलामागे गेला तो निराळाच माणूस झाला. तिच्याकडे बघेना. कागद चाळतोय, चाळतोय. वर्ग फिदीफिदी हसत होता तो गप्प झाला.

मग विचारलं, की इटलीच्या सर्वांत वरच्या कोर्टाने मागच्या वर्षी एक निकाल दिला. आज तसाच खटला खालच्या कोर्टात आला. त्या न्यायाधीशावर तो निकाल बंधनकारक आहे का?

ती म्हणाली, आहे.

आता तिथेच तिला थांबवायचं, चुकलीस म्हणायचं. पण नाही. त्याचे प्रोफेसर तसं करत नसत. राफाएल म्हणाला, ‘‘बरं. पुढे?’’

पोरीला वाटलं, बरोबर आहे. ती पुढे गेली. न्यायाधीशाने निकाल मानला नाही तर काय होईल? त्याचा निकाल आपोआप रद्द होईल. पुढे? त्याला सस्पेंड करतील. कोण करेल? वरचं कोर्ट. मग संहिता कशाला आहे? तिला घाम फुटला. म्हणाली, संहिता म्हणजे एक प्रकारचं गाइड असतं. वर्ग खदखदून हसला. दोघं-तिघं तर टेबलावर डोकं ठेवून. माझं इंग्रजी बेताचं, पण मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

‘‘तुम्ही पुढच्या बैठकीला या,’’ राफाएल म्हणाला आणि मान खाली घालून पुढचं नाव शोधायला लागला.

तनिषा उठली नाही. तिचे कान लाल झाले होते. तिने विचारलं, आपण उलटं करून बघू शकतो का? तुम्ही खुर्चीत, मी टेबलापाशी.

राफाएलने मागे बाईंकडे बघितलं. बाई हसून काहीतरी टिपत होत्या. विद्यार्थी भाग घेतायत, म्हणजे तास रंगला, असं त्याला वाटलं. तो आनंदाने येऊन खुर्चीत बसला. तनिषा टेबलामागे गेली. तिने मान खाली घातली, फोन काढला, आणि चाळतेय, चाळतेय. नक्कल इतकी हुबेहूब की पोरं आधीच हसायला लागली.

‘‘तुम्ही इटलीत वकील होतात?’’

‘‘नाही. मी तिथे कायदा शिकलो.’’

‘‘बरं. पुढे?’’

‘‘वकिलीची परीक्षा वेगळी असते.’’

‘‘तुम्ही ती दिली?’’

‘‘दिली.’’

‘‘पुढे?’’

आता हसून उठायचं होतं त्याने. कुणी अडवलं नव्हतं. पण त्या खुर्चीतून प्रोफेसरने सांगितल्याशिवाय उठायचं नसतं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. तो पाठ ताठ करून खरं खरं सांगत बसला. पहिल्यांदा नापास झालो. दुसऱ्यांदाही झालो.

‘‘तिसऱ्यांदा?’’

‘‘बसलो नाही.’’

‘‘का?’’

‘‘भीती वाटली.’’

कोपऱ्यातून एकजण फिस्सकन हसला आणि मग काय, सगळेच. तनिषाने हसू संपेपर्यंत वाट बघितली. पोरीचा धीर बघा. मग विचारलं, इंग्लंडात तरी तुम्ही वकील आहात का? नाही. मग आजवर कुठल्या कोर्टात उभे राहिलात? कुठल्याच नाही.

‘‘तुम्ही पुढच्या बैठकीला या.’’

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारी बाईही टाळ्या वाजवत होत्या. राफाएल उठला, तिला वाकून थँक यू म्हणाला आणि फळा पुसायला लागला. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये तनिषा माझ्यापाशी आली. म्हणाली, ‘‘आजोबा, सरांना खूप वाईट वाटली का? पण पहिले त्यांनी स्टार्ट केला ना.’’ मी म्हटलं, बाळा, तू जज हो. ती खूश होऊन गेली.

बाईंना तास फार आवडला. इतका जिवंत तास या वर्षात बघितला नाही, असं त्यांनी राफाएलला सांगितलं. ही तोंडी परीक्षा आता दरवर्षी अभ्यासक्रमात ठेवणार म्हणाल्या. फक्त शिकवायला असा कुणीतरी हवा, ज्याने कोर्ट बघितलंय. पोरांनीच तो मुद्दा किती छान मांडला, नाही का? कायमची जागा वीर नावाच्या एका पोराला गेली. मेडनहेडचा, लंडनच्या मोठ्या फर्ममध्ये वकिली केलेला, फ्रेंच कायद्याचा जाणकार. इटली आणि फ्रान्स शेजारीच तर आहेत, बाई म्हणाल्या. राफाएलचे तास बंद. पण दुसरीकडे अर्ज करताना शिफारस लागते, आणि ती देणार बाईच. त्यांची एकच विनंती होती. वीरला जरा सगळं समजावून द्यावं.

म्हणून एका शनिवारी दोघं आमच्या घरी बसले. राफाएलचं घर म्हणजे एक खोली, आणि तीत पुस्तकं. मी चहा आणि चकल्या घेऊन तिथेच ठाण मांडलं. वीर पोरगा तसा गोड, नम्र. राफाएलला सर म्हणायचा. राफाएलनेही दुपारभर जीव ओतून शिकवलं. संहिता कशी वाचायची, अपिलं कशी चढत जातात, घटनेचं वेगळं कोर्ट का आहे. मला वाटलं, माणूस आहे की संत?

तेवढ्यात वीर म्हणाला, ‘‘सर, सरकारी वकिलांचं फ्रान्ससारखंच ना? ते कायदामंत्र्यांच्या हाताखाली असतात?’’

आता हे साफ चूक. फ्रान्सात असेल तसं. इटलीत हेच तर वेगळं, आणि इटलीच्या लोकांना त्याचाच सगळ्यांत जास्त अभिमान. तिथे न्यायाधीश आणि सरकारी वकील एकाच बिरादरीतले, मंत्र्याला त्यांना हुकूम सोडता येत नाही. मंत्री स्वतः सापडला तर त्यालाही ते सोडत नाहीत. मागे राफाएलने हे मला इतक्या रंगून सांगितलं होतं की चहा निवून गेला होता.

त्याने कपातून एक घोट घेतला. माझ्याकडे बघितलं. मी चकली तोंडात टाकली, म्हणजे बोलायला नको.

‘‘बरोबर,’’ राफाएल म्हणाला. ‘‘अगदी फ्रान्ससारखंच. मुलांना हे पहिल्याच तासाला सांगा. आणि ठासून सांगा.’’

वीरने ते लॅपटॉपवर टाइप केलं, खाली रेघ मारली, आणि दुसरी चकली घेतली.