गप्प खुर्च्या

आमच्या शेजारच्या बाई शहरातलं नाट्यकेंद्र चालवतात. वर्षभर तिथे कुठली नाटकं लागणार हे त्या ठरवतात, आणि ठरेपर्यंत त्यांच्या पायाला भिंगरी. आमची भिंत सामाईक, त्यामुळे चपलांच्या आवाजावरून मला कळतं की यादी अजून अडकलेली आहे.

त्यांची निवडीची तऱ्हाच वेगळी. नवं नाटक आलं की तालमीच्या हॉलमध्ये वाचन ठेवायचं आणि चहाचं आमिष दाखवून आम्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांना समोर बसवायचं. मत मात्र कुणालाच विचारायचं नाही. शेजारी खोटं बोलतात म्हणे. आता यावर मी काय बोलणार? बाई मागे डोळे मिटून बसतात आणि खुर्च्या ऐकतात. तिथल्या लाकडी खुर्च्या इतक्या जुन्या, की कुणी कंटाळून जरासं हललं की कुईऽ करतात. कुरकुर फार झाली की नाटक बाद. ही युक्ती त्यांनी घरातसुद्धा सांगितली नव्हती. मलाही नाही, पण मला सांगावं लागत नाही.

यंदा हंगामाच्या पहिल्या प्रयोगासाठी त्यांच्या थोरल्या भावाचं नाटक आलं. दादा निवृत्त मास्तर, जन्मभर घोटलेलं हे एकच नाटक, तीन अंकी. "छकुले, तू म्हणशील ते मान्य," असं म्हणाला खरा, पण वाचनाला नवा कोरा शर्ट घालून आला. छकुलीला आता दोन नातवंडं आहेत.

वाचन झालं. एकही खुर्ची कुरकुरली नाही. बाईंचे डोळे भरून आले. "दादा, पहिलं नाटक तुझं," त्या म्हणाल्या. दादानं आम्हा सगळ्यांना वाकून हात जोडले, चहावाल्यालासुद्धा.

दुसऱ्या दिवशी एका हौशी मंडळाचं वाचन होतं. त्यात एक राजा मरायला टेकला होता आणि काही केल्या मरत नव्हता. माझा तर डोळाच लागला. पुढचे काका तीनदा उठून बसले. तरी हॉल चिडीचूप. बाईंनी डोळे उघडले, आमची तोंडं बघितली आणि स्वतःच खुर्चीत पुढेमागे हलून पाहिलं. आवाज नाही.

संध्याकाळी भिंतीपलीकडून त्यांच्या यजमानांचा खुशीतला आवाज आला.

"रविवारी जाऊन सगळ्या खुर्च्यांना तेल पाजलं, स्क्रू आवळले. म्हटलं, सरप्राइज देऊ. तू वैतागतेस ना त्या आवाजाला?"

"मी कधी वैतागले?"

"मग दर वाचनानंतर डोकं धरून कोण बसतं?"

मग भिंतीपलीकडे नुसत्या चपला, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

आता बाईंना स्वतःलाच विचारणं भाग होतं. दादाच्या नाटकाच्या दुसऱ्या अंकात त्यांचं मन घरी जाऊन दूध उतू गेलं का ते बघून आलं होतं, हे त्यांनाही आठवलं. हंगामाचं पत्रक छापायला जायचं होतं आणि छापखान्याचे फोन थांबत नव्हते. भाजी निवडायला बसायच्या, अर्धी टाकून उठायच्या. माझ्याकडे साखर मागायला आल्या आणि साखर न घेताच निघाल्या. दारात वळल्या.

"खरं सांगा, दुसरा अंक कसा वाटला?"

"चहा छान होता," मी म्हटलं.

शेवटी त्या दादाकडे गेल्या, धीर यावा म्हणून मला बरोबर घेऊन.

"दादा, दुसरा अंक काढल्याशिवाय मला ते लावता येणार नाही."

"बहीण म्हणून सांगतेस की केंद्राची डायरेक्टर म्हणून?"

"बहीण म्हणून आले असते तर आवडलं म्हणाले असते."

दादा चष्मा पुसत राहिला. "त्या दिवशी शब्द दिलास."

"त्या दिवशी चुकले."

"आणि आज चुकत नाहीयेस कशावरून?"

दादा आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.

आठवडाभर अबोला. पत्रकात पहिल्या नाटकाची जागा कोरी. मग एका दुपारी वहिनींचा फोन आला. मी तिथेच होते, योगायोगानं.

"अंक काढलाय गं. सकाळपासून मला समोर बसवून उरलेलं वाचून दाखवतायत."

"कसं वाटतंय, वहिनी? अगदी खरं सांग."

मग वहिनी हळूच म्हणाल्या, "ते इथेच उभे आहेत."

बाईंनी छापखान्याकडून आणखी एक दिवस मागून घेतला आणि पर्स उचलली. मीही उठले.

"तुम्ही नको," त्या म्हणाल्या. "आज मला एकटीनंच ऐकायचंय."