दुसरी तंगडी

माझ्या बायकोने शेजाऱ्याकडे दुसरी तंगडी मागून घेतली, त्या दिवसापासून तो माणूस माझ्या डोळ्यांत खुपायला लागला. माणूस म्हणून तो चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे सांगताना ते मला जमेलच असं नाही.

मी एकतीस वर्षं एकलहऱ्याच्या थर्मल वीजकेंद्रात बॉयलरवर काढली. विस्तव म्हणजे काय, हे मला दुसऱ्या कुणी शिकवू नये, असा माझा समज होता. क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हासुद्धा उन्हाळ्यात चार विटा मांडून मागच्या बाजूला चिकन भाजायचो. निवृत्तीनंतर नाशिक रोडला रो हाउस घेतलं ते केवळ मागच्या अंगणासाठी. एका कोपऱ्यात कढीपत्ता, एका बाजूला कपडे धुवायचा दगड आणि मध्ये माझी शेगडी. मार्च सरला की दर रविवारी संध्याकाळी आमच्याकडे भाजण्याचा कार्यक्रम ठरलेला. मी भाजायचो, बायको एक तंगडी खायची, "बरं झालंय" म्हणायची आणि भांडी उचलायला लागायची. एवढ्या वर्षांत तिने दुसरी घेतल्याचं मला आठवत नाही. तिचं खाणंच कमी, असं मी चारचौघांत सांगायचो. तिच्या माहेरची माणसं चिमणीसारखी खातात, असं तिच्या भावासमोरही सांगून झालं होतं.

यंदा पाडव्यानंतर शेजारच्या घरात हा माणूस राहायला आला. मूळचा सिन्नर तालुक्यातला. देवळाली कॅम्पात तोफखान्याच्या मेसमध्ये आयुष्यभर स्वयंपाक केलेला. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला. आला तसा आठ दिवसांत त्याने मागच्या अंगणात तेलाचं अर्धं कापलेलं पिंप आडवं बसवलं, त्यावर लोखंडी जाळी टाकली आणि रविवारी सकाळी आमच्या कुंपणाच्या भिंतीवरून हाक मारली.

"साहेब, सांच्याला वहिनींना घेऊन या. काय करू नका घरी."

गेलो. त्याने आमच्यासाठी दोन खुर्च्या मांडल्या होत्या, स्वतःसाठी एकही नाही. बायको सवयीने उठून म्हणाली, "द्या, मी कांदा चिरते." त्याने चिमटा आडवा धरला.

"वहिनी, तुम्ही उठायचं नाय. आमच्या मेसचा नियम हाय. जेवणारा बसंल, बनवणारा उभा राहील."

मला हा नियम म्हणजे शुद्ध नाटक वाटलं. आल्या आल्या बायकांवर छाप पाडायची ही जुनी पद्धत आहे, असं मी मनात म्हणालो. त्यात त्याचं भाजणं तरी काय, विस्तव नावाला. ज्वाळ नाही, भडका नाही. पिंपाच्या एका बाजूला राख चढलेले मरगळलेले निखारे आणि दुसरी बाजू रिकामी. हा माणूस त्यांच्याकडे बघत नुसता उभा. मला दया आली. म्हटलं, याचं चिकन शिजेपर्यंत आंबे संपतील.

मग त्याने पहिल्या दोन तंगड्या ताटलीत घातल्या, वर लिंबू पिळलं आणि पहिली ताटली बायकोच्या हातात दिली. ती फुंकर मारमारून खात होती. बोटं भाजत होती, तरी ताटली खाली ठेवत नव्हती. आमची मुलगी लहानपणी गरम जिलबी खायची, तशी. हाड चाटूनपुसून झालं आणि माझ्या डोळ्यांदेखत म्हणाली, "अजून एक द्या की."

माझ्या पोटात दुखलं ते तिखटाने नाही. घरी येताना ती गुणगुणत होती. मी म्हणालो, "मीठ जरा जास्तच होतं." ती म्हणाली, "मला तर बरोबर लागलं." रात्रभर मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे गेलो आणि चांगली कंबरेएवढी उंच शेगडी करायला टाकली. खालून हवा मारायला छोटा ब्लोअर बसवून घेतला. बॉयलरमध्ये ज्योत पडली, म्हणजे विझली, की अख्खं युनिट बंद पडतं. एकतीस वर्षं मी ज्योत पडू दिली नव्हती, ती आता कशाला पडू देईन? रविवारी मी ब्लोअर लावला, वीतभर ज्वाळा उठल्या, आणि त्या माणसाला भिंतीपलीकडून दिसतील अशा बेताने मी उभा राहिलो.

"अगं, चिमटा आण."

"अगं, तेलाची वाटी कुठंय?"

"अगं, ताटल्या!"

चिकन बाहेरून कोळसा आणि हाडाजवळ कच्चं. बायकोने ते मुकाट्याने कुकरला लावलं आणि आम्ही रस्सा-भात खाल्ला. चिकन शिळं होतं, असा निकाल मी दिला. ती कुकर उचलून घासायला घेऊन गेली. बाजारातून ते तिने आणलं होतं. तिच्या त्या गप्प बसण्यानेच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग मी हेरगिरी सुरू केली. सांगायला लाज वाटते, पण कढीपत्त्याच्या आडून त्याचं अंगण स्वच्छ दिसतं. तो माणूस काय काय करतो ते मी पुढचे दोन रविवार बघून घेतलं. जळजळीत मनाने पाहिलेलं नीट लक्षात राहतं.

तो तंगडीला हाडापर्यंत तीन चिरा द्यायचा. आधी नुसतं मीठ आणि लिंबू चोळून अर्धा तास ठेवायचा, मसाला नंतर. मसाल्यात फडक्यात टांगलेल्या दह्याचा चक्का, आलं-लसूण, दोन चमचे आपला काळा मसाला आणि तेल. रंग नाही, साखर नाही. साखर आधी जळते, मग चिकन जळकं लागतं. मी घालत होतो. जाळी तापली की अर्धा कांदा तेलात बुडवून तो जाळीवरून फिरवायचा, म्हणजे चिकन चिकटत नाही. निखाऱ्यावर तळहात धरून मनात आकडे मोजायचा. पाचापर्यंत हात टिकला की चिकन टाकायचं, त्याआधी चटका बसला तर थांबायचं. आधी तंगडी निखाऱ्याच्या बाजूला, दोन्हीकडून डाग पडेपर्यंत. मग रिकाम्या बाजूला सरकवून वर जुनं पातेलं उपडं घालायचं आणि पंधरा-वीस मिनिटं हात लावायचा नाही. हाडाशी सुरी टोचली आणि पाणी स्वच्छ आलं की झालं. उरलेल्या निखाऱ्यात सालासकट कांदे आणि लसणाच्या पाकळ्या खोचलेली वांगी. शेवटी कैरीच्या फोडी जाळीवर ठेवून वर गूळ आणि लाल तिखट.

म्हणजे माझ्या ब्लोअरची गरजच नव्हती. ज्योत पडल्यावर खरं भाजणं सुरू होतं, हे मला साठीत कळलं, तेही चोरून.

एक गोष्ट मात्र भिंतीवरून कळेना. त्याच्या चिकनला एक गोडसर वास होता. शेवटी बायकोनेच मला सांगितलं, "ते निखाऱ्यावर द्राक्षाच्या काड्या टाकतात. सिन्नरला त्यांच्या भावाची बाग आहे ना." हे तिला माहीत होतं, मला नव्हतं. ती भाजी घेऊन येताना त्याच्याशी फाटकात बोलत असणार. मी त्या दिवशी जेवलो नाही.

काड्या काय, माझ्याही मामेभावाची दिंडोरीला बाग आहे. एप्रिलची खरडछाटणी नुकतीच झालेली, बांधावर काड्यांचे ढीग पडलेले. मी स्कूटरला दोन भारे बांधून आणले आणि रविवारी त्याच्या डोळ्यांदेखत शेगडीत घातले.

धूर. पांढरा, दाट, डोळे फोडणारा. पलीकडच्या बाईंनी गॅलरीतले कपडे ओढले आणि खिडक्या आपटल्या. बायको तोंडाला पदर लावून दगडावर बसली. भिंतीवरून तो माणूस डोकावला.

"साहेब, ओल्या हायेत ह्या. आत्ताच्या छाटणीच्या. वरीसभर वाळू द्यायच्या, मंग टाकायच्या. थांबा."

आणि त्याने भिंतीवरून त्याच्या वाळक्या काड्यांची जुडी माझ्या हातात दिली. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, मला त्याच्याशी भांडता आलं असतं.

पण मी ती जुडी परत केली नाही. पुढच्या रविवारी सगळं त्याच्यासारखं केलं. मीठ-लिंबू, चक्का, काळा मसाला, कांद्याने जाळी पुसणं, पाचापर्यंत मोजणं, पातेलं, काड्या. ब्लोअर काढून पेटीत ठेवला. पहिला घास घेतला आणि माझाच मला विश्वास बसेना. त्याच्यासारखंच झालं होतं. मी म्हणेन, कणभर सरस.

बायकोने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून एक तंगडी खाल्ली. "छान झालंय," म्हणाली.

"घे की अजून एक."

"नको. झालं माझं."

मी चिमटा शेगडीवर आपटला.

"का? त्याच्याकडे बऱ्या दोन गेल्या! त्याच्या हाताला काय अमृत लागलंय? तीच कोंबडी, तोच मसाला, त्याच्याच काड्या! मग माझ्या हातचं का नाही जात तुला?"

मला वाटलं, ती रडेल किंवा आत निघून जाईल. दोन्ही झालं नाही. तिने ताटली ओट्यावर ठेवली आणि पदराला हात पुसले.

"अहो, तुमच्या आणि त्यांच्या चिकनमधला फरक मला कळतच नाही," ती म्हणाली. "तिथं मी बसलेली होते."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? आज तुम्ही मला किती वेळा उठवलंत? चिमटा, लिंबू, सुरी, तेल, ताटल्या, पाणी, पुसायला फडकं, मग दुसरं फडकं. मसाला मीच केला, चिरा मीच दिल्या, आता ते पातेलंही मीच घासणार. मी माझी ताटली घेतली तेव्हा तंगडी पार गार झाली होती. गार तंगडी एक खातं माणूस. दुसरी कोण मागेल?"

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"तुम्हाला भाजताना बघून वाटायचं, चाललंय ते चालू दे. बॉयलरसमोर उभं राहून आलेला माणूस, घरी तरी हौस करू दे."

मी शेगडीवरचा चिमटा उचलून उगाच फडक्याने पुसला. शेजारी त्याच्या अंगणात झाडाला पाणी घालत होता. त्याला सगळं ऐकू गेलं असणार आणि त्याने पाण्याचा नळ मोठा केला, हेही माझ्या लक्षात आलं. त्याचा तो समजूतदारपणा मला त्या क्षणी सगळ्यात जास्त झोंबला.

पुढच्या रविवारी मी दुपारीच अंगणात खुर्ची ठेवली. एकच. बायकोला म्हटलं, "बस." ती बसली, पण टेकली नाही. नुसती खुर्चीच्या कडेला. मी आत गेलो आणि मला माझ्याच घरात ताटल्या सापडेनात. वरच्या फळीवर स्टीलच्या, खालच्या कप्प्यात काचेच्या, रोजच्या भलतीकडेच. लिंबं फ्रिजच्या दारात असतात, हे मला नवीन होतं. काळा मसाला म्हणून मी धणेपूड काढली. ती बाहेरून म्हणाली, "निळ्या झाकणाची बरणी," आणि उठायला लागली.

"उठायचं नाही!" मी ओरडलो.

ते वाक्य माझं नव्हतं, हे तोंडातून बाहेर पडल्यावर कळलं. भिंतीपलीकडे खोकल्याचा आवाज आला.

निखाऱ्यावर राख चढेपर्यंत मी उभा राहिलो. ती दोनदा चुळबुळली, एकदा तिने पायाने जवळची कढीपत्त्याची पानं गोळा केली, मग हळूहळू मागे टेकली. पहिली तंगडी उतरली तशी मी ती ताटलीत घालून, लिंबू पिळून तिच्या हातात दिली. लिंबाच्या दोन बिया तंगडीवरच पडल्या. तिने काढून टाकल्या.

तिने तंगडी उचलली, बोटाला चटका बसला, तिने ती या हातातून त्या हातात घेतली आणि तोंडाजवळ नेऊन फुंकर मारली. एकदा, दोनदा, गाल फुगवून.

लग्नाला चौतीस वर्षं झाली. मी आठवून बघितलं. क्वार्टरमधलं स्वयंपाकघर, सणवार, मुलीच्या वाढदिवसाच्या पंगती, सगळं. आमच्या घरात तिला अन्नावर फुंकर मारताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होतो. तिच्या ताटातलं कधी तेवढं गरमच नसायचं.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली आणि हाड बाजूला ठेवून तिने ताटली पुढे केली. "अजून एक द्या."

मी दिली. घाईत ती तंगडी चिमट्यातून जवळजवळ पडलीच होती.

आता दर रविवारी ती बसते आणि मी उभा राहतो. कधी कधी शेजाऱ्यालाही बोलावतो, त्याच्यासाठीही खुर्ची ठेवतो, आणि तो बसल्यावर काय करावं ते न कळून तो गुडघ्यांवर हात ठेवून बसतो, ते मला आवडतं. पण खरं सांगायचं तर माझ्या मनातून ते गेलेलं नाही. माझ्या बायकोला फुंकर मारावी लागेल अशी गरम ताटली माझ्याआधी त्या माणसाने दिली.