बोळाच्या वळणावर

अग्निशमन दलात तिला सगळे वायरलेसताई म्हणत. जवानांच्या खांद्यावरचे वॉकीटॉकी दुरुस्त ठेवायचे, हे तिचं काम. पण सवड मिळाली की ती एक संच ठाण्यात कुणाच्या तरी हाती देई आणि दुसरा घेऊन इमारती धुंडाळत फिरे. मोकळ्या मैदानावर आवाज खणखणीत यायचा. जाड काँक्रीटच्या भिंतीआडून तो दम लागल्यासारखा यायचा आणि लिफ्टच्या पोलादी डब्यात शिरलं की मेल्यात जमा. "ताई, भुतं सापडली का?" असं जवान चिडवायचे. त्यांच्यात तिचा धाकटा दीर सगळ्यांत पुढे. तोही याच दलात होता.

एका दुपारी फळांच्या कोल्ड स्टोरेजला आग लागली. दीर आणि दलातले सगळ्यांत जुने जवान, ज्यांना सगळे मामा म्हणत, पाण्याचा पाइप घेऊन आत गेले. थोड्याच वेळात आत काहीतरी कोसळल्याचा आवाज झाला, आणि मग संचावर नुसती खरखर.

गोदामाच्या भिंती दोन्ही बाजूंनी पत्र्याने मढवलेल्या. रेडिओच्या लहरींना पत्रा परतवून लावतो. बाहेर यायला त्यांना एकच वाट होती, दाराची. दारातून आत शिरताच अरुंद बोळ आणि बोळाला काटकोनात वळण. आणखी माणसं पाठवावीत तर धुरात, फळांच्या मांडण्यांच्या जंजाळात शोधायचं कुठे, या विचाराने ठाण्याच्या साहेबांचा चेहरा काळवंडला होता.

"आवाज वळणापर्यंत येत असणार साहेब," ती म्हणाली. "मला तिथवर जाऊ द्या."

आत तिचा दीर आहे हे साहेबांना ठाऊक होतं. डोकं शांत ठेवता येईल का, एवढंच त्यांनी विचारलं. मग तिच्या तोंडावर श्वासाचा मुखवटा चढला, कमरेला दोर आला आणि एक जवान सोबत निघाला.

वळणावर पोचताच संच बोलला. "...वहिनी?"

कोसळलेल्या मांडणीखाली पाइप गाडला गेला होता, तो धरून मागे येता येत नव्हतं. मामा बेशुद्ध होते. दीर त्यांना ओढत होता, पण दार कुठल्या अंगाला तेच त्याला कळत नव्हतं.

"भावजी, थोडं सरका, बोला, बटण सोडा आणि ऐका," तिने सांगितलं. "आवाज साफ आला तर वाट बरोबर. मधेच गेला तर घाबरू नका. पत्र्यावर आपटून लहरी एकमेकींना मारतात. दोन पावलं पुढे या आणि पुन्हा बोला."

तो बोलला. आवाज फाटका होता. तिने त्याला उलट फिरायला सांगितलं. पुन्हा बोलला तेव्हा जरा बरा आला, मग आणखी साफ. तिच्या जिवात जीव येतो न येतो तोच आवाज पार गेला.

तिने हाक मारली. उत्तर नाही. कमरेचा दोर ताणला गेला; बाहेरून परत बोलावत होते. छत कुरकुरत होतं. सोबतच्या जवानाने तिचा दंड धरला. तो नुसता लहरी न पोचणारा मुका कोपरा असेल, की दीर कोसळला असेल? हे सांगेल असं तिच्याजवळ काहीच नव्हतं. तिने नकारार्थी मान हलवली आणि संच कानाशी घट्ट धरला.

"...वहिनी, ऐकू येतंय का?" आवाज इतका मोठा आला की ती दचकली. धुरातून आधी त्याचा खांदा दिसला, मग त्याच्या हातातला मामांचा पट्टा. तिघांनी मिळून मामांना ओढत बाहेर काढलं. ते अंगणात आले, तोच मागे छताचा एक भाग खाली बसला.

मामा वाचले, पण छाती पुरती अधू झाली. बंबावर ते पुन्हा चढले नाहीत.

संध्याकाळी घरी नवरा तिच्यावर संतापला होता. तुला आत जायची काय गरज होती, म्हणून त्याने दोनदा विचारलं. दीर पाण्याचा रिकामा पेला हातात धरून बसला होता.

"मधे तुझा आवाज गेला ना," तो म्हणाला, "तेव्हा मला वाटलं, कंटाळून निघून गेलीस. तरी दोन पावलं टाकली. तू सांगितलं होतंस म्हणून."

नवऱ्याने उठून भावाच्या हातातला पेला घेतला आणि भरून आणला.