हिवरावरचा कडीचा डबा

माझं भांड्यांचं दुकान आहे. ते मला कुणी थाटून दिलेलं नाही. माढ्याकडच्या गावातून सोलापुरात आलो तेव्हा डोक्यावर टोपलं होतं आणि टोपल्यात पातेली. गल्लोगल्ली ओरडत फिरायचं, जुने कपडे घ्यायचे आणि त्यावर भांडी द्यायची. एका फाटक्या साडीवर पातेलं मागणारी बाई आणि चांगल्या साडीवरही वाटीच्या पुढं न सरकणारा मी, अशी आमची उंबऱ्यावर जुंपायची. मला त्यात मजा यायची. अजूनही येते. आता दुकानात भावाचा फलक आहे, पण फलक वाचून गुपचूप पैसे देणारं गिऱ्हाईक आलं की माझा दिवस बेचव जातो.

एकदा दातांच्या एक डॉक्टरीणबाई छोट्या हवाबंद डब्या घ्यायला आल्या. घासाघीस अशी केली की मला घाम फुटला. एवढ्या डब्या कशाला, असं विचारलं तर म्हणाल्या, रानात लपवायला. मला वाटलं, चेष्टा करतात. मग त्यांनी समजावून सांगितलं. कुणीतरी डबा लपवतो, त्यात एक कागद आणि चार किरकोळ वस्तू ठेवतो आणि जागेचे आकडे मोबाइलवरच्या नकाशात टाकतो. दुसऱ्यांनी फोन बघत तिथं पोचायचं, डबा हुडकायचा, कागदावर नाव लिहायचं आणि डबा होता तसा ठेवून यायचं. याला जिओकॅशिंग म्हणतात आणि हा खेळ जगभर चालतो. यातला एक नियम ऐकून मी हातातलं बिल खाली ठेवलं. डब्यातली वस्तू आवडली तर खुशाल घ्यावी, पण बदल्यात तेवढ्याच तोलाची नाहीतर जास्त मोलाची वस्तू टाकावी. बघायला कुणी नाही, विचारायला कुणी नाही, आणि माणूस आपण होऊन जास्तीचं टाकतो. मी म्हणालो, असलं गिऱ्हाईक मला उभ्या जन्मात भेटलेलं नाही. त्या म्हणाल्या, रविवारी या, भेटवते.

तेव्हापासून माझे रविवार दुकानाबाहेर गेले. सोलापुरात कसला आलाय ट्रेक, असं पुण्यातले पाहुणे विचारतात. खरं आहे, आमच्याकडे चढायला फार काही नाही, पण चालायला मात्र संपत नाही. तलावाचे बांध, बार्शीकडच्या टेकड्या, उघडे माळ. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधले एकजण आमच्यात आहेत. त्यांनी एका पडीक फाटकावर मोठा बोल्ट बसवला होता. त्याच फाटकावर बसून आम्ही सगळ्यांनी शेंगदाण्याची पोळी खाल्ली, डबा नाही म्हणून त्यांना शिव्या दिल्या, आणि पोळी संपल्यावर त्यांनी तो बोल्ट पिळून उघडला. कागद आत होता. परतीच्या वाटेवर रसवंतीवाल्याशी घासाघीस करायचं काम माझ्याकडं असायचं. मी भाव करायला लागलो की बाकीचे लांब जाऊन उभे राहायचे आणि रस मात्र स्वस्तातला प्यायचे.

या गटात एक साहेब आहेत. बँकेतून निवृत्त, जुळे सोलापुरात फ्लॅट. डोक्यावर गोल काठाची, हनुवटीखाली दोरी बांधायची टोपी, हातात घडीची काठी, आणि फोनवर भरवसा नाही म्हणून गळ्यात होकायंत्र. खेळाचे सगळे नियम तोंडपाठ. मला ते शेठ म्हणायचे, पण ज्या सुरात म्हणायचे त्या सुराला माझ्या गावाकडं वेगळा शब्द आहे. मीही त्यांना साहेब म्हणायचो, त्याच सुरात.

पुढं मी माझा स्वतःचा डबा लपवायचं ठरवलं. बाकीचे प्लास्टिकवर भागवतात, मी दुकानातला उत्तम स्टीलचा, कडीचा डबा काढला. त्यात एक पितळी बोळकं, किल्ल्यांची साखळी, एक झकास शिट्टी आणि नावं लिहायचा कागद घातला. मंगळवेढ्याच्या रस्त्याला आत एक माळ आहे, त्यावर एकटं हिवराचं झाड. त्याच्या दुबेळक्यात, म्हणजे दोन फांद्यांच्या बेचक्यात, डबा बसवून वर काटेरी फांदी टाकली. त्या सगळ्या माळावर नकाशात एकच खूण होती, आणि ती माझी होती. रात्री जेवताना फोन उघडून मी ती खूण बघायचो. बायको म्हणायची, लग्नातला फोटो एवढा बघितला नाही कधी.

पुढच्याच रविवारी साहेब तिथं गेले आणि मोबाइलवरच्या आमच्या गटावर लिहिलं, “डबा सापडला नाही. शेठनी जुन्या कपड्यांवर दिला असेल.”

खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. मी दुकानात होतो. समोरच्या बाईंना परात दाखवत होतो, ती हातातून आपटली. मी टोपलं घेऊन फिरायचो हे मी कधी लपवलेलं नाही, उलट अभिमानानं सांगत आलोय. पण मी सांगणं वेगळं आणि यानं हसण्यावारी नेणं वेगळं. लगेच फोन लावला. काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणालो की डबा तुम्हीच उचललाय. ते शांतपणे म्हणाले की त्यांच्या घरात भांडी पुष्कळ आहेत.

नंतरच्या दोन रविवारी आणखी काहीजण गेले. कुणालाच डबा सापडला नाही. सगळे म्हणाले, एकदा जाऊन बघून या. मी हटून बसलो. माझ्या हातानं बसवलेला डबा आहे की नाही, हे मी का तपासावं? मग डॉक्टरीणबाईंचा फोन आला. खेळाचा मेळावा जवळ आला होता, पुण्याहून खेळणारे येणार होते आणि दिवसाचा शेवटचा डबा म्हणून माझाच ठरला होता. त्या म्हणाल्या, “डबा नसेल तर खूण नकाशावरून काढावी लागेल. मला आवडणार नाही, पण काढीन.”

त्या दिवशी जेवण गेलं नाही. शेवटी मी कळवलं की सोमवारी बाजार बंद असतो, मी जातो, पण साहेबांनी बरोबर यायचं. डबा असेल तर बघायला साक्षीदार तोच पाहिजे होता. साहेबही हट्टाचे. सकाळी टोपी, काठी, होकायंत्र असे सगळे माझ्या स्कूटरवर मागं बसले. डिकीत मी एक प्लास्टिकची बरणी ठेवली होती. डबा गेलाच असेल तर निदान दुसरं काही असावं म्हणून. हे साहेबांना सांगायची गरज नव्हती.

माळ चढताना आम्ही सौदा केला. डबा नसेल तर मी गटावर सगळ्यांसमोर माफी मागायची. असेल तर मी सांगेन ते शब्द साहेबांनी लिहायचे. मी दहा शब्द मागितले. ते म्हणाले दोन. मी आठवर आलो, ते दोनवरच. म्हणालो, साहेब, कर्ज मागत नाहीये, शब्द मागतोय. तेव्हा कुठं ते तीनवर आले. वाळलेलं गवत पँटला चिकटत होतं, थंड वारा होता, लांब कुठं तरी टिटवी ओरडत होती, आणि आम्ही दोघं पिकल्या केसांचे बाप्ये शब्दांचा भाव करत चाललो होतो. शेवटी चारवर सौदा पटला. चार शब्द मी मनात केव्हाच ठरवले होते. माझी चूक झाली, शेठ.

झाड दिसलं आणि माझे पाय थांबले. डबा होता. पण दुबेळक्यात नव्हता. खालच्या फांदीला कडीनं लटकत होता, आणि उन्हात असा चमकत होता की रस्त्यावरनं दिसावा.

साहेब म्हणाले, “याला तुम्ही लपवणं म्हणता?”

मी हात लावला. डबा गरम होता. ऊन म्हणावं तर ऊन अजून कोवळं होतं. उघडला. आत ज्वारीच्या भाकरी, शेंगाचटणी आणि फोडलेला कांदा. भाकरीतून वाफ येत होती. मी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी डब्यात वाकून बघितलं, मग सरळ झाले आणि म्हणाले, “डब्यात खाण्याच्या वस्तू ठेवायला नियमानं बंदी आहे.”

तेवढ्यात उतारावरून मेंढरं आली. मागून एक म्हातारी, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. आमच्या हातात डबा बघून तिनं पावलं उचलली.

“कुनाचा म्हनायचा ह्यो डबा?”

“माझा, आक्का,” मी म्हणालो.

“तुजा व्हय? लई दिस वाट बघतीया. आरं, असला चांगला डबा इसरून जातंय का कुनी? घरात बायको काय बोलली न्हाय?”

मग तिनं सगळं सांगितलं. तिच्या शेळीनं झाडावर पाय देऊन फांदी ओढली, डबा खाली पडला. कुणी कामावरचा माणूस विसरला असेल म्हणून तिनं तो घरी नेला आणि राखेनं घासून लख्ख केला. दुसऱ्या दिवशी परत ठेवायचा तर रिकामा कसा ठेवायचा? रिकामा डबा कुणी माघारी देतं का? म्हणून भाकरी घातली. संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही, म्हणून भाकरी मेंढरांमागं बसून खाल्ली आणि डबा घरी नेला. सकाळी परत ताजी भाकरी घालून टांगला. तेव्हापासून रोज हेच.

साहेब म्हणाले, “पण रविवारी नव्हता हो इथं.”

“ऐतवारी मी बाजारला जाती. मालक मेंढरं वड्याकडं नेत्यात. हितं कोन येतंय?”

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. आमचे सगळे हुडकणारे रविवारी येत होते.

तिनं कमरेची पिशवी सोडली. बोळकं होतं, साखळी होती, कागदाची घडी होती. शिट्टी नव्हती. त्या जागी मेंढीच्या गळ्यातली एक छोटी घंटा होती. “शिट्टी नातीनं ठिवून घिटली. म्हनून घंटी घातली. फुकाट कुनाचं ठिवत न्हाय आमी.”

मी तिला खेळ सांगितला. तिनं काठीवर हनुवटी टेकवून सगळं ऐकलं. “म्हंजी तुमीच लपिवता आन तुमीच हुडकता.” मी हो म्हणालो. “आन मग?” मी म्हणालो, मग दुसरा लपवतो. तिनं साहेबांकडं बघितलं. “ह्यास्नी पेन्शन हाय वाटतं.” साहेब हसले. मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच बघितलं.

मग खरा बाजार सुरू झाला. मी डबा परत दुबेळक्यात ठेवतो म्हणालो. ती म्हणाली, रिकामा डबा माझ्या वाटेवर राहायचा नाही, रोज सकाळी डोळ्यासमोर येणार, मला चैन पडायचं नाही. साहेब म्हणाले, भाकरी ठेवता येणार नाही. अशा कात्रीत मी आयुष्य काढलंय. मी खाली जाऊन डिकीतून बरणी आणली. म्हणालो, आक्का, स्टीलचा डबा तुला, खेळाला ही बरणी. बरणी काय डबा नव्हे, रिकामी राहिली तरी चालतंय. ती इतक्या पटकन हो म्हणाली की मला कळलं, आपण स्वस्तात सोडला. म्हणालो, डब्याच्या बदल्यात मला काय? ती म्हणाली, तुझ्या डब्याला रोज जेवायला घातलं ते कुठं गेलं?

मी डबा तिच्या हातात दिला. मला उंबऱ्यावर असं चीत करणाऱ्या बाया फार थोड्या भेटल्या.

मग मी म्हणालो, निदान बरणीवर लक्ष ठेव, शेळ्या पाडतील. त्यावर ती म्हणाली, “राखन फुकाट हुत न्हाय,” आणि तिची नजर साहेबांच्या टोपीवर गेली. तिचा मालक उन्हात उघड्या डोक्यानं हिंडतो म्हणे. साहेबांनी दोरीला हात लावला. ती टोपी पुण्याहून आणलेली होती, घाम शोषणारी होती, असं बरंच काही त्यांनी सांगितलं. मी फक्त म्हणालो, “साहेब, तेवढ्याच तोलाची नाहीतर जास्त मोलाची. नियम तुम्हालाच तोंडपाठ.”

साहेबांनी टोपी काढून दिली. उघडं डोकं बघून मलाच कसंतरी झालं. माझ्या गळ्यात आपला सोलापुरी टॉवेल होता, चौकड्याचा. तो मी त्यांच्या डोक्याला गुंडाळून दिला. चांगला दिसत होता, खोटं कशाला सांगू. मग तिघांनी झाडाखाली बसून भाकरी खाल्ली. चटणीत लसूण सढळ होता. साहेबांनी दुसरी भाकरी मागून घेतली आणि नियमाचं नाव काढलं नाही.

निघताना त्यांनी फोन काढला. माणूस शब्दाचा पक्का, हे कबूल केलं पाहिजे. म्हणाले, “बोला शेठ. चार शब्द.”

माझे चार शब्द जिभेवर होते. पण माझ्या लक्षात आलं की माफी मागून हा माणूस चार शब्दांत मोकळा होईल. मी म्हणालो, लिहा. डबा सापडला. गरम होता.

त्यांनी लिहिलं आणि सोबत बरणीशेजारचा स्वतःचा फोटो टाकला. घरी पोचेपर्यंत गटावर प्रश्नांचा पाऊस पडला होता. गरम होता म्हणजे काय? टोपी कुठं आहे? फोटोत डोक्याला टॉवेल का? मी एका अक्षरानं उत्तर दिलं नाही. सगळं साहेबांना सांगावं लागलं, भाकरीपासून पेन्शनपर्यंत. मेळाव्याच्या रविवारी पुण्याचे लोक बरणीपाशी गोळा झाले, कुणीतरी आतली घंटा वाजवून बघितली, आणि साहेबांना तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली. ते सांगत होते तेव्हा लांब ओढ्याच्या काठानं मेंढरं चालली होती. मागच्या माणसाच्या डोक्यावर गोल काठाची टोपी होती, दोरी हनुवटीखाली नीट बांधलेली.

साहेब आता ही गोष्ट चांगली रंगवतात. जुन्या कपड्यांचं वाक्य मात्र गाळतात. तिथं आले की मी मधेच घालतो.