वकीलबाई आणि माझी चेष्टा

आधी नाव सांगतो, मग हकीगत. धारच्या कुमुदिनीबाई वकील. मी आज देवासच्या कारखान्यात मशीनवर उभा आहे, माझ्या नावाला डाग नाही, गावी आईला कुणापुढं मान खाली घालावी लागली नाही, हे सगळं त्यांच्यामुळं. पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. लिहिता लिहिता भलतीकडं गेलो तर निदान नाव तरी सुटायला नको. महिन्यापूर्वी पाळी सुटताना गेटवर धारचा रमेश भेटला. माझ्याच खात्यातला, माझा जुना दोस्त. "भिया, तेरी वकील बाई गई," म्हणाला. मला वाटलं, गावाला गेल्या. "कहाँ?" असं मी विचारलंसुद्धा... त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा कळलं.

मी मालवणकडचा. कुणाच्या तरी चिठ्ठीवर देवासला आलो तेव्हा विशीत होतो, आणि हिंदी आपल्याला येते असा माझा समज होता. माझा मामा बोटीवर खलाशी. एका फेरीत त्यानं माझ्यासाठी परदेशी घड्याळ आणलं, मुंबई बंदरात कस्टमला दाखवून, रीतसर कागद करून. ते मनगटाला बांधून मी सुट्टीला रमेशबरोबर धारला गेलो. बसस्टँडजवळ कचोरी खाताना रमेशनं विचारलं, "कहाँ से मारी, भिया?" मला चेव चढला. म्हटलं, "समुंदर से. स्मगलिंग का माल है, लेगा?" "कितने में?" "दो कचौरी में!" सगळं दुकान हसलं. पलीकडच्या बाकावरचे दोघं मात्र हसले नाहीत. चोरट्या मालाच्या मागावर आलेली कस्टमची माणसं होती ती. घड्याळ जप्त झालं आणि मला जबाबाला बसवलं. मी हात जोडून एकच सांगत होतो, "साब, मैंने बेचने की चेष्टा की, बस. और कुछ नहीं." त्यांनी तसंच लिहून घेतलं, मी खाली सही केली. वाचलं नाही. हातानं लिहिलेली हिंदी मला भरभर लागायचीच नाही. साहेब तर उलट खूश दिसले. मला वाटलं, सुटलो!

पुढं नोटीस आली: घड्याळ सरकारजमा का करू नये, तुम्हांला दंड का करू नये, वगैरे. कारखान्यात साहेबांनी बोलावून सांगितलं की निकाल लागेपर्यंत घरी बसा, आणि निकाल उलटा लागला तर कायमचं गावी जा. माझी झोप उडाली, जेवण जाईना. गावी काय तोंड दाखवू? आईला पत्रात लिहीत होतो की इकडं सगळं ठीक आहे. शेवटी रमेशच्या वडिलांनी मला धारच्या वकीलबाईंकडं नेलं. बाईंचे वाडवडील संस्थानच्या नोकरीत होते. बाईंचं मराठी जुन्या वळणाचं, आणि कोर्टातलं हिंदी असं की समोरच्यानं दचकावं.

मामानं टपालानं पाठवलेला कागद मी पुढं केला. बाई म्हणाल्या, "कागद खरा आहे, पण यात नुसतं 'एक मनगटी घड्याळ' लिहिलंय. नंबर नाही. आणि घड्याळ, सोनं असल्या मालात कायदा उलटा चालतो बरं का. माल चोरटा नाही, हे ज्याच्यापाशी सापडला त्यानं सिद्ध करायचं. त्यात तुझा हा जबाब! अरे, विकायचा प्रयत्न केलास कशाला?"

"नाही हो बाई! प्रयत्न कुठला? मी चेष्टा केली."

बाईंनी चष्मा काढला. "पुन्हा म्हण."

"चेष्टा केली. थट्टा. तसंच सांगितलं मी त्यांना."

त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. मग जे हसायला लागल्या, ते डोळ्यांना पदर लावेपर्यंत. "अरे शहाण्या, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न! तू स्वतःच्या तोंडानं गुन्हा कबूल करून आलास की!" मला तर रडूच आलं. बाई म्हणाल्या, "रडतोस काय? ज्या शब्दानं अडकलास, त्याच शब्दानं तुला सोडवते."

सुनावणीला जाताना बसमध्ये मी सारखा मामाचा कागद उघडून बघत होतो. बाईंनी मला आपल्या वडिलांच्या जुन्या पुस्तकातली जहाजं सांगितली. दोन देश लढत असतात, तिसऱ्याचं जहाज मधून चाललेलं असतं. लढणाऱ्यानं ते अडवावं, शत्रूसाठी नेलेला युद्धाचा माल आहे का ते बघावं, तेवढा हक्क त्याला आहे. "पण पकडलं म्हणून गिळता येत नाही. ते न्यायालयापुढं उभं करावं लागतं. भर युद्धातसुद्धा! तू तसंच तटस्थ जहाज आहेस असं समज." मग हळूच विचारलं, "समुद्राला वास कसा रे असतो?" त्यांनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता. मी म्हटलं, "आमच्याकडं तरी सुकत घातलेल्या बांगड्यांचा." बाईंनी नाक मुरडलं, आणि मला त्या आठवड्यात पहिल्यांदा हसू आलं.

कस्टमच्या कचेरीत मोठे साहेब हिंदीभाषक, कडक. जबाब वाचून म्हणाले, "इसने तो खुद माना है." बाई उठल्या. "साहेब, इसने मराठी में सोचा और हिंदी में बोला. मेरी मत मानिए, अपनी टाइपिस्ट से पूछिए." कोपऱ्यातली टायपिस्ट मराठी होती. ती पदरात हसू दाबत म्हणाली, "सर, हमारे में चेष्टा मतलब मज़ाक." साहेबांच्या भुवया वर गेल्या. "तो कोशिश को क्या कहते हैं?" "प्रयत्न." "वो तो हम भी कहते हैं!" सगळी खोली हसली. त्या हशातच बाईंनी साक्षीला आणलेल्या कचोरीवाल्याला विचारलं, हा भाव काय सांगत होता? तो इमानदारीत म्हणाला, "दो कचौरी, बाई साब. मैंने सोचा, मैं ही ले लूँ." आता साहेबही हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "चोर इस भाव में नहीं बेचता, साहेब. और जो झूठा नहीं, उसका कागज़ भी झूठा क्यों मानें?" मग मामाच्या बोटीची तारीख आणि कागदावरची तारीख त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. साहेबांनी दोन्ही ताडून पाहिल्या, जुळल्या. कागद याच घड्याळाचा, असं मान्य झालं. घड्याळ परत! दंड नाही! बाहेर आल्यावर रमेशनं मला उचलून गरागरा फिरवलं आणि बाई ओरडल्या, "अरे, पाडशील माझं जहाज!"

आठवड्यात मी मशीनवर परत उभा राहिलो. आईला तेव्हाच सगळं खरं लिहिलं.

परवा धारला त्यांच्या घरी गेलो. पुतण्यानं बैठकीची खोली उघडून दिली. मला एकच गोष्ट बघायची होती. इतर वकिलांकडं पक्षकाराची खुर्ची टेबलाच्या पलीकडं असते, बाईंकडं ती त्यांच्या खुर्चीला लागून. निकाल लागला त्या दिवशी त्यांनी मला तिथंच बसवलं होतं. माझं बोट धरून निकालाच्या पहिल्या ओळीखाली ठेवलं आणि म्हणाल्या, "वाच. मोठ्यानं. अडलास तर मी आहे." संध्याकाळ होईपर्यंत मी अडत होतो आणि त्या होत्या... परवा त्या खुर्चीत बसलो. शेजारची रिकामी होती.  पुतण्याला म्हटलं, ही अशीच राहू द्या, हलवू नका.

बाई, धारजवळ पीथमपुरात आता नवे कारखाने होताहेत. आपल्याकडची माणसं येताहेत आणि आपल्याला हिंदी येते, असं त्यांना वाटतं आहे. त्यांच्यातला कुणी एक दिवस न समजलेल्या कागदावर सही करायला बसेल. त्या दिवशी मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढीन, त्याचं बोट पहिल्या ओळीखाली ठेवीन. तुमचं देणं मी असं फेडीन, बाई. आणि ही चेष्टा नाही, मराठीतली.