चोरांचं 'आपण'

माझ्या बाबांची उभी हयात पुण्यातल्या एका बँकेत गेली. तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक त्यांच्याकडे असायची, दुसरी मॅनेजरकडे. दोघं समोर उभे राहिल्याशिवाय तिजोरी उघडायची नाही असा नियम. त्या किल्लीपायी आम्ही कधी धड कुठे गावाला गेलो नाही. मामाच्या लग्नातसुद्धा बाबा जिलबीच्या आधी पानावरून उठले, का तर किल्ली! आणि हा माणूस फावल्या वेळात वाचायचा काय, तर दरोड्याच्या कादंबऱ्या. त्याही पोलिसांच्या बाजूच्या नाहीत हं. चोर स्वतःच सांगतोय, भिंत कशी पोखरली, पहारेकऱ्याला कसा गुंगारा दिला. चोर सहीसलामत निसटला की बाबा पुस्तक मिटून खुशीत चहा मागायचे. आई म्हणायची, "ह्यांना बँकेनं ठेवलंय कसं, देव जाणे."

आई गेली आणि बाबा फ्लॅटमध्ये एकटे उरले. मी इकडे जगाच्या पार दक्षिण टोकाला, पामर्स्टन नॉर्थला, हॉस्पिटलात फार्मसिस्ट. नवरा इंजिनिअर, मुलगी पंधरा वर्षांची, जन्म इथलाच. मी बाबांना घेऊन आले ते मनाशी ठरवूनच, की आता परत पाठवायचं नाही. कायमचं राहण्यासाठी अर्ज करता येणार होता, कागदपत्रं मी जमवली होती. फक्त त्यांचा होकार हवा होता, आणि ते म्हणायचे, "बघू."

मराठी माणसाचं 'बघू' म्हणजे नाही. हे मला कोणी समजावून सांगायला नको. मी चिडायचे. "बघू काय बघू? काय बघायचंय अजून?" त्यावर ते खिडकीबाहेर बघून म्हणायचे, "तुमच्याकडे वारा फार आहे बुवा."

हे 'तुमच्याकडे' मला जास्त टोचायचं. तुमच्याकडे दूध छान मिळतं. तुमच्याकडे लोक अनवाणी दुकानात येतात. पहिल्याच आठवड्यात डेअरीची पाटी दिसली म्हणून बाबा श्रीखंडासाठी चक्का आणायला डबा घेऊन गेले. इथली डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान. दुकानदाराने बिचाऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि डब्यात आइस्क्रीम भरून दिलं. "तुमची डेअरी अजब आहे," बाबा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा घेऊन गेले. पण डेअरी तुमचीच.

लेकीचं आणि त्यांचं सुरुवातीला काही जमेना. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतून. बाबांना इंग्रजी उत्तम येतं, पण ते बँकेतलं, कोट घातलेलं. ती इथल्या पोरांसारखं 'स्वीट अ‍ॅज', म्हणजे 'झकास', म्हणाली की ते विचारायचे, काय गोड आहे? मग दोघं आपापल्या खोलीत.

एकदा शाळेतून आल्यावर ती कानात इयरफोन घालून काहीतरी ऐकत एकटीच हसत होती. बाबांनी विचारलं, काय गं? चोरीची गोष्ट निघाली, आणि चोरच सांगत होता. बाबा खुर्चीत सरसावून बसले. "किती जणांची टोळी आहे? आत कसे शिरणार?"

"बट आजोबा, यू वर्क्ड इन अ बँक!"

"म्हणून तर."

मग त्यांनी तिला जे सांगितलं ते मी कांदा चिरता चिरता ऐकलं. पोलिसाच्या गोष्टीत, म्हणाले, माणूस सगळं आटोपल्यावर पोचतो. काचा फुटलेल्या, कपाट उघडं. चोराच्या गोष्टीत आपण पहिल्यापासून आत असतो. कोण घाबरलंय, कोणाचा गुडघा दुखतोय, कोण कोणाला सोडून पळणार नाही, सगळं आपल्याला ठाऊक. म्हणून तर चोरी वाईट हे पक्कं माहीत असूनही आपला जीव टांगणीला लागतो. "एवढी वर्षं मी तिजोरीच्या बाहेर पहारा दिला," बाबा म्हणाले. "आत शिरण्यातली मजा पुस्तकातच घेतली."

त्या दिवसापासून दोघांनी मिळून स्वतःचा दरोडा रचायला घेतला. उचलायचा काय, तर रग्बीचा एक चषक, कुठल्या तरी काल्पनिक क्लबाच्या तिजोरीतला. पळायचं सायकलवरून, नदीकाठच्या रस्त्याने. तिजोरीला दोन किल्ल्या हव्यातच, हा बाबांचा हट्ट. एका किल्लीची तिजोरी म्हणजे शुद्ध आळशीपणा, लेखकाचा! शेवटी एक किल्ली आजोबांनी मिळवायची आणि एक नातीने, असं ठरलं. मी वैतागून म्हटलं, "लोकांचे आजोबा रामरक्षा शिकवतात. आमच्याकडे दरोडे." पण माझं कोण ऐकतंय.

बाबांनी एक अट घातली. बेत मराठीतच रचायचा. "टोळीला गुप्त भाषा लागते. ह्या गावात आपलं बोलणं कोणाला कळणार आहे?" मी पंधरा वर्षं रागावून, लाडीगोडी लावून, आइस्क्रीमची लाच देऊन जे जमवू शकले नव्हते, ते ह्या माणसाने एका वाक्यात करून दाखवलं. पोरगी मराठी बोलायला लागली! अडखळत, लिंगवचनाचा पार चुराडा करत, पण बोलायला लागली. मला इतका आनंद झाला आणि तितकाच रागही आला, माझ्यासाठी म्हणून कधी बोलली नव्हती.

एकदा ती रंगात येऊन सांगत होती, "मग आम्ही कुंपणावरून उडी मारली, मग आम्ही दार उघडलं..."

"आणि मी?" बाबांनी विचारलं. "मी काय घरी मेथी निवडत बसलो होतो?"

"नो! तू पण होता! वी!"

"मग 'आपण' म्हण. 'आम्ही' म्हटलंस की ऐकणारा बाहेर. 'आपण' म्हटलंस की ऐकणारा आत. पोलिसाला जबानी द्यायची तर 'आम्ही'. बेत रचायचा तर 'आपण'."

इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, त्यामुळे हे तिला कधी सुचलंच नव्हतं. तिने दोन्ही शब्द पुटपुटून पाहिले. मग म्हणाली, "म्हणजे 'आपण' गँगसाठी."

"अगदी बरोबर."

तेव्हापासून पोरीने 'आपण'चा धडाका लावला. वर्गाच्या सहलीचं मला सांगताना, "आपण बीचवर गेलो." मी म्हटलं, "मी नव्हते गं बाई आले." पण ती ऐकेना.

बाबांच्या परतीच्या तिकिटाची तारीख जवळ आली, तसा दरोडाही संपत आला. एका दुपारी चहा घेताना बाबांनी शेवट सांगितला. किल्ल्या मिळाल्यात, चषक दुसऱ्या दिवशी उचलायचा. ते झालं की टोळीतला म्हातारा सगळ्यांचा निरोप घेतो आणि बसमध्ये बसून निघून जातो.

"का?" लेक.

"ह्या गोष्टींत तसंच असतं. म्हाताऱ्याचं ते शेवटचं काम असतं. मग तो आपल्या घरी जातो."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी कप आपटला. "कुठलं घर, बाबा? कोण आहे तिथे? उद्या तुम्ही बाथरूममध्ये घसरून पडलात तर मला कोण कळवणार? फोन उचलला नाहीत की माझा जीव अर्धा होतो. मला भीती वाटते हो, रोज वाटते." बोलता बोलता मी रडायला लागले, ते मला मुळीच नको होतं.

बाबा बशीवरून बोट फिरवत राहिले. "तुमचं इथे छान चाललंय," ते हळूच म्हणाले. "तुमच्या संसारात मी कशाला मध्ये? मला इथे पाहुण्यासारखं वाटतं, बाळ."

मी सांडलेला चहा पुसायला लागले.

लेक म्हणाली, "आजोबा, पण किल्ली?"

"कुठली किल्ली?"

"एक किल्ली तुझ्याकडे आहे. तू बसमध्ये गेला, तर आपण उघडणार कसा?"

व्याकरणाच्या चुका काढल्याशिवाय बाबांना राहवत नाही. ह्या वेळी त्यांनी एकही काढली नाही. चहा निवून गेला, तरी ते तो कप धरून बसले. मग म्हणाले, "बघू."

मी उठून भांडी घासायला घेतली. दोन दिवस घरात कोणी तो विषय काढला नाही.

रविवारी दुपारी बाबांच्या बँकेतल्या जुन्या मित्राचा पुण्याहून फोन आला. बाबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन स्पीकरवर आणि आवाज चढवलेला. मी पोळ्या करत होते, लेक टेबलाशी इयरफोन लावून टोस्ट खात होती. तिकडून विचारणा झाली, काय हो, येताय कधी? इकडे उन्हाने जीव नकोसा झालाय, पण तुमच्याशिवाय कट्टा सुना आहे.

"आमच्याकडे आता थंडी सुरू होईल," बाबा म्हणाले. "वारा तर विचारू नका आमच्याकडचा. आणि इथे एक काम अर्धवट आहे आमचं, ते टाकून येता येणार नाही. तिकीट रद्द करायला सांगतोय. आम्ही आता इथेच."

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. आमच्याकडे, म्हणाले. दोनदा म्हणाले. तव्यावरची पोळी करपली तरी मला ती उलटायचं सुचेना.

लेकीने एका कानातला इयरफोन काढला होता. तिनेही ऐकलं होतं. मी डोळे पुसत तिला हळूच चिडवलं, "बघ, तुला शिकवतात आणि स्वतः 'आम्ही' म्हणतात. चुकले ना?"

"नाही, आई," ती टोस्ट चावत म्हणाली. "बरोबर आहे. ते फोनवरचे आजोबा गँगमध्ये नाहीत."